सुतळीने शिवलेली पुस्तकं

नागपूर स्टेशनवर गाडी हलली तेव्हा बाकीच्यांचे बाप हात हलवत होते आणि माझे बाबा खिडकीसोबत चालत माझ्या गोळ्यांची नावं मोठ्याने पाठ म्हणत होते. अख्ख्या डब्याने ऐकलं. एकोणीस वर्षांची होते, पुण्याला कॉलेजात चालले होते, आणि पुढचं अजनी स्टेशन यायच्या आत समोरच्या काकूंना कळलं की या पोरीला काहीतरी आहे. लाजेने मेले मी.

नागपूरजवळच्या वाडीतल्या माझ्या माणसांनो, आणि तिथून उठून माझ्यासारखं दुसरीकडे जाऊन बसलेल्यांनो, तुम्हाला मी हुशार म्हणून आठवते की वेडी म्हणून, देव जाणे. दोन्ही खरं नाही. नववीत मी दोन आठवडे जेमतेम झोपले. गणिताचं पुस्तक संपवलं, दहावीचं उघडलं, वर्गात बाईंच्या आधी मीच बोलायची. बाबांनी खुशीत कामावर, गोडाऊनमध्ये पेढे वाटले आणि मला आणखी दोन क्लास लावून दिले. मग दिवाळी झाली आणि मी अंथरुणातून उठेचना. एकच ओळ दहादा वाचायची, शेवटापर्यंत जाता जाता सुरुवात विसरायची. आईने दृष्ट काढली. बाई म्हणाल्या, आळस. नागपुरात सदरला बसणाऱ्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, बायपोलर. पेढ्यांचे ते दिवस म्हणजेसुद्धा आजारच होता, हेही त्यांनीच बाबांना सांगितलं.

दहावीचं एक वर्ष गेलं. औषधाने हात थरथरायचा, सकाळच्या तासांना डोळे मिटायचे, जाड पुस्तक पाहिलं की रडू यायचं. बाबांचं आयुष्य ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये माल चढवून घेण्यात गेलेलं. एका रविवारी त्यांनी माझं विज्ञानाचं पुस्तक ब्लेडने धड्याधड्याने कापलं आणि पोती शिवायचं दाभण घेऊन एकेक धडा सुतळीने वेगळा शिवला. शाळेत बाई भडकल्या, विद्येचा अपमान म्हणाल्या. बाबांनी मान खाली घालून सगळं ऐकलं आणि घरी येऊन भूगोल कापला.

धडा वाचून झाला की बाबांच्या भाषेत गठ्ठा पोचला. संध्याकाळी विचारायचे, आज किती गठ्ठे पोचले? कधी एक, कधी तीन, बरेचदा एकही नाही. तेव्हा म्हणायचे, "राहू दे वं. गाडी उद्या बी निघते." मी चिडायची. पण पास झाले ती त्या गठ्ठ्यांवरच.

पुण्यात मी शहाण्यासारखं वागायचं ठरवलं होतं. 'काहून' गिळलं, 'मले'चं 'मला' केलं आणि आजाराचं कोणाला सांगितलं नाही. दुसऱ्या सत्रात पुन्हा तेच. गोळ्या चालू होत्या, तरी लेक्चरला पाय निघेना. बाबा फोनवर अजून गठ्ठेच विचारायचे, मी मात्र रोज 'दोन' सांगायची. एकही नाही म्हटलं तर परत बोलावतील, आणि एकदा परत गेले की शिक्षण संपलंच, ही धास्ती.

असं अकरा दिवस चाललं. बाराव्या दिवशी सकाळी हॉस्टेलच्या फाटकाशी बाबा उभे. पिशवीत संत्री, ब्लेड, दाभण आणि सुतळीचं बंडल. पुरुषांना आत मनाई, म्हणून वॉचमनच्या बाकावर बसले. कसं कळलं, मी विचारलं.

"रोज दोन सांगून राहिली होती ना तू. माल रोज सारखा पोचत नाही वं."

मी तिथेच रडले. वाटलं, आता सामान बांध म्हणतील. त्यांनी पुस्तकं आणायला सांगितली. लायब्ररीचं एक मी वेळीच हिसकावलं, बाकीची दुपारपर्यंत कापून शिवून तयार. मग मला डॉक्टरकडे नेलं आणि संध्याकाळच्या गाडीने एकटेच परत गेले. या खेपेला प्लॅटफॉर्मवर मी चालत होते, आणि मीच त्यांना गोळ्यांची नावं म्हणून दाखवली.

याला आता सहा वर्षं झाली. पदवी झाली, नोकरी आहे, भाड्याच्या घराच्या दारावर माझं नाव आहे. लोक विचारतात, घराची आठवण येते का. येते ना. ट्रकांच्या धुळीची येते, आईच्या हातच्या बेसनाच्या पातोडीची येते. पण ती पातोडी मी इथेही करते, बरी होते. तिथलं जे इथे मिळत नाही ते एवढंच, की तिथे वाईट दिवस लपवावा लागत नाही.

मागच्या आठवड्यात असाच एक दिवस गेला. बाबांचा फोन आला. मी म्हटलं, "बाबा, आज एकही नाही."

"बरं," ते म्हणाले. "जेवली काय?"

मी उठले आणि भात लावला.