पाण्याला न आलेली बाई

टाकून दिलेलं मूल सापडल्याची बातमी वाचताना, त्याची आई जिवंत असेल का, हा प्रश्न तुम्हाला कधी पडला आहे?

पोलीस अधिकारी म्हणून निवृत्त झालो, तरी कारखान्यांच्या वस्तीतल्या सालवडची ती सकाळ आजही विसरता येत नाही. पहिल्या पाळीच्या कामगारांना बसथांब्यावरच्या बाकाखाली ओढणीत गुंडाळलेली नवजात मुलगी सापडली. अज्ञात महिलेविरुद्ध गुन्हा दाखल झाला. बाळ सुखरूप होतं. पण तपासणाऱ्या डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेतलं.

"साहेब, नाळ कशी कापलीय बघा. एकटीच बाळंत झालीय. रक्त थांबलं नसेल तर ती संध्याकाळ बघणार नाही."

आरोपी पळेल, ही आमची नेहमीची भीती. इथे आरोपी मरेल, ही भीती होती.

थांब्यासमोरच्या चहावाल्याने धागा दिला. "साहब, एक लड़की सरावली की तरफ गई. दीवार पकड़ के चल रही थी."

शेजारच्या सरावली गावातल्या चाळींत माझे शिपाई दारं ठोठावत विचारत सुटले, कुणाला पोर झालं? खाकी बघून सगळ्यांनी माना हलवल्या. दुपार होत आली. शेवटी मी शिपायांना गाडीत बसवलं आणि साध्या कपड्यातल्या महिला हवालदाराला नळावर पाठवलं. तिने एवढंच विचारलं, आज पाण्याला कोण आलं नाही?

जव्हारकडून कामाला आलेली एक बाई हंडा खाली ठेवून म्हणाली, "कोपऱ्यातली पोरगी. तिचा हंडा मीच भरला. पोट दुकतं सांगते, दार उघडत नाय. तुमी पोलीस नाय ना?"

हवालदार खोटं बोलली नाही. "आहे. पण तिला दवाखान्यात न्यायला आलेय."

बाई वाट दाखवत पुढे चालू लागली.

दार मोडावं लागलं. पोरगी भिजल्या गोधडीवर पडली होती, पांढरीफटक. बाळाचा बाप कधीच गाव सोडून गेला होता. गाडीत तिने माझी बाही धरली. "माला पकडाल म्हणून दवाखान्यात नाय गेले." मग हळूच, "तिला कोनी दूध पाजलं का?"

ती वाचली. पण तिला मरणाच्या दारात कुणी ढकललं? पळून गेलेल्या पुरुषाने, आणि आमच्या वर्दीच्या धाकानेही. परिस्थितीने कोंडलेली आई आपलं मूल जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडे रीतसर सोपवू शकते, त्यासाठी तिला शिक्षा होत नाही. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

तुम्ही सांगा. आजच, तुमच्या चाळीत, नळावर, कंपनीच्या गेटवर. आणि शेजारचं एखादं दार सकाळपासून उघडलं नसेल, तर ते वाजवा.