कुजबुजीचे दोन सेकंद

आमच्या नाटक मंडळीत तिला सगळे ‘कुजबुज’ म्हणत. ती प्रॉम्प्टर. पडदा वर गेला की विंगेतल्या स्टुलावर वही उघडून बसायची आणि नट अडला की त्याच्यापुरताच ऐकू जाईल असा पुढचा शब्द पुरवायची. चाळीस वर्षं टाळ्या आम्ही घेतल्या. तिच्या वाट्याला डास आले.

मी राजे-महाराजे रंगवायचो, म्हणून ती मला ‘राजे’ म्हणते. आता सिंहासन गेलं, गुडघेही गेले, तरी म्हणते. एका प्रयोगात स्वतःच्या मुलाला हद्दपार करण्याचा हुकूम देण्याआधी मी थांबलो. नेहमीपेक्षा फारच थांबलो. विंगेत दिग्दर्शकाचा जीव टांगणीला. ‘अगं दे, शब्द दे!’ म्हणून त्यांनी तिच्या स्टुलाला लाथ मारली म्हणे. ही ढिम्म. मी हुकूम उच्चारला तेव्हा प्रेक्षागृहात कुणीतरी हुंदका दिला.

‘मी विसरलो नाही हे तुला कळलं कसं?’ मी नंतर विचारलं.

‘विसरलात की तुमच्या डाव्या पायाचा अंगठा चाळा करतो. आज गप्प होता.’

इतक्या बारकाईने मला माझ्या आईनेसुद्धा पाहिलं नसेल.

तिचा नवरा आमच्याच मंडळीचा सुतार. त्याला सगळे मिस्त्री म्हणतात. महाल, तुरुंग, जहाज, म्हणाल ते फळकुटांतून उभं करणारा. दोन वर्षांपूर्वी त्याला पक्षाघाताचा झटका आला. हातपाय सावरले, बोलणं सावरलं नाही. काय बोलायचं ते त्याला पक्कं ठाऊक असतं. शब्द जिभेच्या टोकाशी येऊन अडतो.

तो ज्या हॉस्पिटलात उपचार घेतो, तिथे अशा रुग्णांसाठी एक संशोधन चालू आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची एक डबी बनवताहेत, साबणाच्या डबीएवढी. माणूस अडला की ती अंदाज बांधते आणि पुढचा शब्द बोलते. त्या कामाची एक अट मला फार आवडली. डॉक्टर आणि इंजिनिअर यांच्याबरोबर रुग्ण आणि घरची माणसंही दर बुधवारी एकाच टेबलाशी बसतात, आणि त्यांच्या होकाराशिवाय डबीत काही बदलत नाही. आमच्या मंडळीत प्रॉम्प्टरला कधी कुणी बैठकीला बोलावलं नव्हतं.

डबी घरी आली आणि थोड्याच दिवसांत घोळ झाला. परगावी राहणाऱ्या लेकीने व्हिडिओ कॉलवर विचारलं, ‘बाबा, तुम्ही दोघं कायमचे माझ्याकडे येता का?’ मिस्त्री म्हणाला, ‘मी...’ डबी म्हणाली, ‘येतो.’ मिस्त्रीने होकारार्थी मान डोलावली. झालं! लेकीने खोली रंगवायला काढली, या दोघांनी इथलं घर सोडायची तारीखही ठरवली.

कुजबुज तडक माझ्याकडे आली. ‘राजे, त्यांचं वाक्य संपलं नव्हतं.’

‘कशावरून?’

‘त्यांनी श्वास सोडला नव्हता. बुधवारी चला माझ्याबरोबर. माझा आवाज चार माणसांत पोचत नाही, तुमचा पोचतो.’

‘म्हणजे मी नुसता भोंगा?’

‘चाळीस वर्षं तेच होतात की. शब्द मीच द्यायचे.’

बुधवारी आम्ही तिघं गेलो. दुसऱ्या मजल्यावरची खोली, गोल टेबल, पांढरा फळा. मी घसा खाकरून तयार होतो, पण भोंग्याची गरजच पडली नाही. तीच बोलायला लागली.

‘तुमची डबी दोन सेकंदांत तोंड घालते. माणूस शब्द शोधत असतो आणि ही त्याच्या तोंडचा घास पळवते. अडलेला वेगळा, थांबलेला वेगळा. कुणी शिकवलं हिला हे?’

इंजिनिअर मुलगी अवघडली. ‘काकू, डबी ज्या घरात जाणार, तिथलीच बोलण्याची पद्धत शिकते. तुम्हा दोघांच्या संमतीने आम्ही महिनाभर घरी रेकॉर्डिंग केलं होतं ना... ऐकवू?’ तिने मिस्त्रीकडे पाहिलं. त्याने मान डोलावली.

‘मला...’ मिस्त्रीचा आवाज. ‘चहा हवाय. ठेवते,’ कुजबुजीचा आवाज. ‘काल तो...’ ‘प्लंबर. येऊन गेला.’ ‘मी...’ ‘पडणार आता. पडा.’ एकामागून एक. दर वेळी दोनच सेकंद. एका ठिकाणी तर मिस्त्री ‘नको’ म्हणाला होता, आणि ते ‘नको’ तिच्या आवाजाखाली दबून गेलं होतं.

कुजबुजीने चष्मा काढला आणि पुसतच राहिली. ‘दिव्याखाली अंधार,’ ती म्हणाली. ‘तुम्हा नटांसाठी थांबले. घरी मात्र वाटायचं, त्यांना त्रास नको.’

‘आम्हालाही तेच वाटलं,’ ती मुलगी म्हणाली. ‘शब्द जितका लवकर, तितकी मदत मोठी, असं आम्ही मोजत होतो. मोजमापच चुकलं, काकू.’

तेवढ्यात टेबलावर टकटक झाली. मिस्त्रीने बोटाच्या पेराने दोनदा वाजवलं होतं, लाकूड पोकळ आहे का पाहावं तसं. ‘मी... वाजवीन,’ तो म्हणाला. ‘तेव्हा... द्या.’ या चार शब्दांना मिनिटभर लागलं. डॉक्टरबाईंनी ते तसेच्या तसे फळ्यावर लिहिले. तिथल्या तिथे ठरलं: टकटक झाल्याशिवाय डबीने तोंड उघडायचं नाही.

‘आणि बायकोनेही,’ कुजबुज म्हणाली.

रविवारी लेक आली. सामान भरायला रिकामी खोकी घेऊनच आली. मीही होतो.

‘पुन्हा कशाला विचारायचं, आई? बाबा हो म्हणालेत ना?’

‘विचार. आणि मग तोंडाला कुलूप.’

लेकीने विचारलं. मिस्त्री म्हणाला, ‘मी...’ डबी गप्प. लेकीचे ओठ हलले; आईने तिचा हात दाबला. मी सवयीने मनात आकडे मोजत होतो. चाळीसपर्यंत आलो. हुकुमाआधी राजासुद्धा इतका थांबला नव्हता.

‘मी... येतो.’

लेकीने सुस्कारा सोडला. मला वाटलं, डबीचंच खरं होतं तर! पण कुजबुज त्याच्या छातीकडे बघत होती. श्वास अजून आतच होता.

‘पण... हिला... विचारलंस?’

मग त्याने श्वास सोडला.

लेक गोरीमोरी झाली. ‘आई, मला वाटलं, बाबा म्हणतील तसंच तू...’

कुजबुजीचं तोंड उघडलं ते तसंच राहिलं. जन्मभर दुसऱ्यांची वाक्यं मांडीवर घेऊन बसलेली बाई. हे वाक्य कुठल्याच वहीत नव्हतं. तिचा शब्द माझ्या जिभेवर तयार होता, देवाशपथ. दिला नाही. लेकीनेही दिला नाही.

‘मला नाही यायचं,’ ती म्हणाली. शेवटच्या रांगेपर्यंत जाईल अशा आवाजात. ‘येऊ, महिना महिना राहू. पण हे घर नाही सोडायचं.’

लेकीचे डोळे भरले. मिस्त्रीने एक रिकामं खोकं पायाने बाजूला सारलं आणि तिच्याशेजारी बसला.

‘खोलीला... रंग...’ तो म्हणाला, आणि अडला. आम्ही थांबलो. तो बराच वेळ शोधत राहिला. मग हसून त्याने टेबलावर दोनदा टकटक केली.

डबी बोलायच्या आत कुजबुज पुढे वाकली आणि त्याच्यापुरताच ऐकू जाईल असा शब्द तिने पुरवला.

‘कुठला?’ मिस्त्रीने लेकीला विचारलं.