शेगडीखालची रांगोळी

सप्तापुरातल्या आमच्या घरामागच्या दोन खोल्यांत सासूबाई वेगळ्या राहतात. भांडण नाही, आवड आहे. आपली भाकरी आपण थापायची, सुनेच्या हाताकडे बघत बसायचं नाही, एवढाच त्यांचा हट्ट. पण गॅस तसाच चालू ठेवून त्या अंगणात फुलं तोडत बसल्या, तेव्हा माझ्या नवऱ्याने त्यांचा सिलिंडर उचलला आणि दुर्गदबैलाच्या बाजारातून इंडक्शनची शेगडी आणून दिली. ही जमली नाही तर रोज आमच्याकडे जेवायचं, असं ठरलं. त्या ‘बरं’ म्हणाल्या खऱ्या, पण तोंड एवढंसं झालं होतं.

पहिल्याच दिवशी शेगडी कोकलायला लागली. पितळी पातेलं तिला चालेना. मी फ्रिजवरचा चुंबकाचा गणपती काढून एकेका भांड्याच्या बुडाला लावत बसले. चिकटला तर पास.

“मुली बघायला आल्यागत चाललंय की गं तुझं,” सासूबाई म्हणाल्या.

पितळ, अ‍ॅल्युमिनियम नापास झालं. लोखंडी तव्याला मात्र गणपती घट्ट बसला आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

थोडे दिवस बरे गेले. मग भाकरी तव्यावर असतानाच शेगडी बंद पडायला लागली. मी काच पुसली, शेगडी भिंतीपासून ओढली, जाड पिनांच्या सॉकेटला लावून पाहिली. पालथ्या घड्यावर पाणी.

“साकु गं, पुरे झालं. परत देऊन टाक ते. जेवते मी तुझ्याकडं,” त्या म्हणाल्या आणि कच्ची भाकरी परातीत ठेवून दिली.

मला भयंकर वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो. मी पिन उपटली आणि शेगडी उलटी केली. खालच्या पंख्याची जाळी पांढऱ्या भुकटीने गच्च भरली होती. रांगोळी!

सासूबाई ओटा पुसून, रांगोळी काढून, हळदकुंकू वाहिल्याशिवाय कधीच चूल पेटवत नाहीत. काचेवर काढली तर भांड्याखाली पुसली जाते, म्हणून त्या रोज ओट्यावर रांगोळी काढून शेगडी तिच्यावर ठेवायच्या. पंखा ती ओढून घ्यायचा, गुदमरायचा, आणि शेगडी तापून आपली आपण बंद व्हायची.

“लक्ष्मी खाली बसंल म्हटलं,” त्या ओशाळून म्हणाल्या. मला हसू आवरेना.

जुन्या ब्रशने मी जाळी साफ केली. रांगोळी काढू नका म्हणायला मात्र जीभ रेटेना. ती ओट्याखाली फरशीवर काढायची, असं आम्ही ठरवलं.

दुसऱ्या दिवशी माझ्या पोळ्या झाल्या होत्या, तेवढ्यात मागच्या दारातून हाक आली. “अगं, आज माझ्याकडं जेवायला ये. भाकरी गार व्हायलीय.”

मी पोळ्या झाकून गेले. पायाशी रांगोळी होती, ती ओलांडून बसले. त्यांनी टम्म फुगलेली भाकरी माझ्या ताटात टाकली आणि म्हणाल्या, “आमच्या घरी लाजायचं नाही हं.”