बंकट धनगर आणि चेक हा शब्द

बंकट धनगराला इंग्रजीतला एकच शब्द येत होता, आणि तोही त्यानं माझ्याकडून उचललेला. पण त्या एका शब्दावर त्यानं चौसाळ्यात जे करून दाखवलं, ते मला माझ्या साऱ्या इंग्रजीवर जमलं नव्हतं. हे सांगायला आता काही वाटत नाही. तेव्हा वाटायचं, आणि चांगलंच झोंबायचं.

साल फसली तेराशे तीस. म्हणजे इंग्रजी एकोणीसशे वीसच्या आगंमागं; आमच्या निजामाच्या मुलखात सालं फसलीनंच मोजायचे. मी राधाकिशन, औरंगाबादेत चार बुकं शिकून आलेला, चोवीस वर्षांचा, आणि डोक्यानं लई गरम. बीडच्या कचेरीतली कारकुनी सोडून मी चौसाळ्याच्या चावडीमागच्या खोलीत इंग्रजीचा वर्ग काढला होता. कचेरीचं सगळं उर्दूत, घरचं सगळं मराठीत, आणि इंग्रजी म्हणजे कुणीतरी कुठंतरी ऐकलेली गोष्ट. लोक विचारायचे, मास्तर, हे पोरांच्या पोटात कशापायी घालताय? मी चिडायचो. चिडलेल्या मास्तराचं कोण ऐकतं?

शाळा तपासणारे साहेब एकदा येऊन गेले आणि सांगून गेले की, पुढच्या महिन्यात परत येतो. दहा विद्यार्थी सतरंजीवर बसलेले दिसले तर वर्गाला परवानगी, एक जरी कमी पडला तर खोलीला कुलूप. माझ्याकडं नऊ होते. पहिल्या दिवसापासून नऊच. दहावा काही केल्या मिळेना, आणि त्याचं कारण होते आप्पा.

आप्पा म्हणजे अर्जुनराव. साठी ओलांडलेले, गावातले मोठे शेतकरी, चावडीवर त्यांचाच शब्द चालायचा. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगतो, नाहीतर तुम्ही उगंच त्यांच्यावर दात धराल. त्यांचा धाकटा भाऊ पुण्याला जाऊन इंग्रजी शिकून आला होता. आला तो घरातल्या ताटावर नाक मुरडायला लागला, आईनं हाक मारली तर परक्या बाईला द्यावं तसं उत्तर द्यायला लागला, आणि एक दिवस गेला तो गेलाच. आई त्याची वाट बघत मेली. तेव्हापासून आप्पांचं एकच म्हणणं: ज्या बोलीत आपलं एक अक्षर न्हाई, ती शिकून लेकरू आपलं राहत न्हाई. त्यांचा स्वतःचा नातू वर्गात बसायच्या वयाचा होता. तो नाही म्हणून दुसऱ्या कुणाचाही नाही. माझे नऊ कसेबसे आलेले, ते सुद्धा चुलते-मामांच्या हातापाया पडून.

आता बंकट. पन्नाशीचा उंचापुरा माणूस, खांद्यावर घोंगडं, कानात बाळी, चाळीस-पन्नास मेंढरं. अक्षराशी गाठभेट नाही. पण शतरंजच्या पटावर बसला की भलेभले घाम पुसायचे. रोज मेंढरं वाड्यात कोंडली की तो चावडीच्या ओट्यावर यायचा, आप्पा घरून पट आणि मोहरे घेऊन यायचे, आणि दिवस बुडेपर्यंत दोघं खेळायचे. बाकी गावात आप्पा आप्पा, बंकट बंकट. पण पटावर दोघांची बरोबरी. बंकटची एक खोड होती. मात द्यायची तर प्याद्यानंच. वजिरानं मात कुणीबी देतं, म्हणायचा. सगळ्यात लहान मोहऱ्यानं राजा कोंडला, तर तो खरा खेळ. प्यादेमात साधावी म्हणून तो हातातोंडाशी आलेला डाव लांबवायचा. आप्पा चिडायचे, लोक हसायचे.

एका संध्याकाळी मी ओट्यावर तोंड पाडून बसलो होतो. बंकटनं आप्पांच्या राजाला शह दिला. मी आपला स्वतःशीच पुटपुटल्यासारखं बोललो की, ह्याच शहाचा इंग्रजांनी चेक केलाय. बंकटनं मोहरा हातातच धरला आणि म्हणाला, काय केलंय म्हणता?

मग मी सांगितलं. माझ्याजवळ छावणीतल्या एका गोऱ्या साहेबाचा टाकून दिलेला जाडजूड इंग्रजी कोश होता, त्यात वाचलेलं. शाह म्हणजे इराणातला राजा. पटावर त्याच्यावर चाल आली की खेळणारे शाह म्हणून इशारा द्यायचे. खेळ इराणातून अरबांकडं गेला, शब्द त्याच्याबरोबर गेला. तिथून फ्रेंचांच्या मुलखात गेला, त्यांच्या तोंडात शाहाचा एशेक झाला, आणि समुद्र ओलांडून इंग्रजाकडं पोचेपर्यंत चेक. आपण मात म्हणतो, ते तर त्यांनी जवळपास जसंच्या तसं ठेवलंय.

आप्पांनी मान सुद्धा वर केली नाही. बंकट मात्र डाव विसरला. इंग्रज त्या शब्दाचं करतो काय, हे त्याला पाहिजे होतं. मी सांगत गेलो. शह बसला की राजाला थांबावं लागतं, म्हणून चेक म्हणजे रोखणं. रोखून धरलं की माणूस नीट बघून घेतो, म्हणून चेक म्हणजे तपासणं. पटावर चौकटी असतात, म्हणून चौकड्याच्या कापडाला चेक. त्यांच्या राजाचा खजिना पूर्वी असल्याच चौकड्याचं कापड अंथरून मोजायचे, म्हणून खजिन्याच्या खात्याचं एक्स्चेकर हे नाव सुद्धा ह्याच घरातलं. आणि पेढीवर पैसे द्यायला लिहितात त्या चिठ्ठीला चेक, कारण ती खरी का खोटी हे पडताळून बघता येतं.

बंकटनं कमरेची लोकरीची दोरी काढली. मेंढरं मोजायला धनगर दोरीला गाठी मारतात, ती दोरी. तिच्या दुसऱ्या टोकाला त्यानं एकेक अर्थ मला परत विचारून सहा गाठी मारल्या. दुसऱ्या दिवशी बोटांनी गाठी चाचपत त्यानं सगळं मला घडाघडा म्हणून दाखवलं, एकही न चुकता. माझ्या नऊ विद्यार्थ्यांना महिनाभरात तेवढं येत नव्हतं. मला कौतुक वाटायला पाहिजे होतं. मला रागच आला, खरं सांगतो.

मग तो शब्द मेंढरांच्या मागं हिंडला. बाजारात कापडवाल्याच्या ओट्यावर चौकड्याचं लुगडं दिसलं की बंकट सांगायचा, ह्याला साहेब चेक म्हणतो, आन् शब्द मुळात आपल्या पटावरचा हाय. मेंढरं घेऊन कपिलधारला गेला, तिथं दर्शनाला आलेल्यांना सांगितलं. पार चकलांब्याला गेलता, तिथल्या धनगरांना सांगून आला. त्याची बायको चतुराबाई कपाळाला हात लावायची. म्हणायची, ह्या माणसानं जन्मात माझं नाव एवढ्या डाव घेतलं नसंल.

साहेब यायला दोन दिवस राहिले. तेव्हा बंकटनं भर चावडीवर आप्पांना म्हटलं की, आज डाव जिंकलो तर तुमचा नातू मास्तरांच्या वर्गात बसंल. आप्पांनी मान डोलवली आणि पट मांडला. अर्धं गाव जमलं. माझा जीव नुसता टांगणीला.

आमच्याकडच्या खेळाचा एक कायदा सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. राजाला डावात एकही शह बसलेला नसेल, तोवर त्याला एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येते. एकदा शह बसला की उडी गेली.

तासाभरात आप्पांचा राजा कोपऱ्यात सापडला. बंकटचा वजीर असा उभा होता की, एक चाल केली की शह आणि मात एकदमच. मला दिसलं, आप्पांना दिसलं, बघणाऱ्या कुणाकुणाला दिसलं. आप्पांनी हात मांडीवर ठेवून दिले होते. आणि ह्या बाबाचं लक्ष कुठं? दोन घरं मागं असलेल्या प्याद्याकडं. अजून एक घर ते सरकलं असतं तर पुढच्या चालीला प्यादेमात. बंकटनं वजीर सोडला आणि प्यादं सरकवलं. आप्पांच्या राजाला तोवर एकही शह बसलेला नव्हता. त्यांनी तो उचलला, अडीच घरं उडवला आणि बाहेर काढला. मग त्यांचा हत्ती खाली उतरला, आणि थोड्या वेळात बंकटलाच मात झाली.

मी काय काय बोललो ते सगळं सांगण्यासारखं नाही. मामा, डोक्यावर पडलात का, असं सगळ्यांसमोर ओरडलो, एवढं आठवतं. बापाच्या वयाच्या माणसाला मी तसं बोललो. त्यानं घोंगडं उचललं आणि गेला. आप्पा सुद्धा जिंकलेल्या माणसासारखे दिसत नव्हते. त्यांनी मोहरे गोळा केले आणि सरळ घरी गेले. मी खोलीत जाऊन पुस्तकं बांधायला घेतली.

साहेब यायच्या सकाळी मी वर्गात गेलो, तर सतरंजीवर नऊ विद्यार्थी आणि त्यांच्या शेवटी बंकट, मांडी घालून. अंघोळ केलेली, धुतलेलं मुंडासं. बाहेर लिंबाखाली चतुराबाई सगळी मेंढरं घेऊन उभी होती आणि तोंडानं पुटपुटत होती की, म्हाताऱ्याला ह्या वयात अक्षरं फुटली. मला हसावं का रडावं कळेना. मी जवळ जाऊन हळूच विचारलं, मामा, हे काय?

"डाव म्या घालवला," तो खाली बघत म्हणाला. "दहावा माणूस म्या देनं लागतो. घरात दुसरं कुणी न्हाई, म्हून मीच आलो."

परवा ओरडलेल्या प्रत्येक शब्दाची मला लाज वाटली. मला त्याचे पाय धरावेसे वाटत होते, पण तेवढ्यात टांग्याचा आवाज आला.

साहेब हैदराबादेकडचे, शेरवानी आणि लाल तुर्की टोपी घातलेले, फारसी-अरबीचे मोठे जाणकार. त्यांनी विद्यार्थी मोजले. दहाव्यापाशी थांबले. उर्दूत मला विचारलं की, ही थट्टा आहे का. बंकटला उर्दू बाजारापुरती येत होती, तो उभा राहिला आणि म्हणाला, हुजूर, वयाचा कायदा असंल तर मी उठतो, नसंल तर मला एक शब्द येतो, तो इचारा.

साहेबांनी मान हलवली. बंकटनं कमरेची दोरी हातात घेतली आणि पहिली गाठ धरली. इराणच्या शाहापासून त्यानं सुरुवात केली. अर्धं दखनीत, अर्धं मराठीत, मधूनच चेक. प्रत्येक गाठीला तो थांबायचा. चौथ्या गाठीला साहेब दारातल्या खुर्चीवर बसले. खजिन्याच्या गाठीपर्यंत ते स्वतःच पुढचं सांगायला लागले होते, आणि एक अडाणी धनगर आणि एक फारसीचा पंडित, दोघं एका शब्दावर वाद घालत होते. साहेब म्हणाले की, मी दहा वर्षं शाळा तपासतोय, पण आपल्या घरचा शब्द इंग्रजीत भेटलेला पाहून एवढा खूश झालेला विद्यार्थी मला कुठं भेटला नव्हता. त्यांनी रजिस्टर मागवलं.

विद्यार्थ्याचं नाव, बंकट. बापाचं नाव, सटवा. वय, अंदाजे पन्नास. मी लिहीत गेलो. मग एक रकाना आला आणि साहेबांचं बोट तिथं थांबलं. पालकाची सही. प्रत्येक विद्यार्थ्यामागं पालक पाहिजे, त्याशिवाय नोंद पुरी होत नाही. ह्यात सूट देणं माझ्या हातात नाही, असं ते म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटत होतं. बंकटचे आईबाप जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. भाऊबंद नव्हता. चतुराबाईनं दारातून विचारलं की, माझा अंगठा चालंल का. साहेबांनी मान हलवली. ते म्हणाले की, नाही, विद्यार्थ्यापेक्षा पालक वयानं मोठा पाहिजे. नऊ विद्यार्थी आणि एक रिकामा रकाना, इथं सगळं येऊन अडकलं.

तेवढ्यात दारात गर्दी हलली. आप्पा कधी येऊन उभे राहिले होते, कुणाला कळलं नव्हतं. ते आत आले, जोडे दाराबाहेर काढून. बंकटच्या शेजारी उभे राहिले.

"परवाचा डाव मी हरलेलो होतो," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "ह्यानं प्याद्यापायी मला सोडलं, आन् मी गप बसलो." मग त्यांनी माझ्याकडं हात पुढं केला. "मास्तर, लेखणी द्या. हे लेकरू माझं हाय."

आप्पांनी पालकाच्या रकान्यात मोडीत सही केली, अर्जुनराव म्हणून, सावकाश, एकेक वळण नीट घेत. बंकट पन्नाशीचा गडी, सगळ्यांसमोर मुंडाशाच्या टोकानं डोळे पुसत होता. मी सुद्धा पुसत होतो, कशाला लपवू. बाहेर चतुराबाईनं मेंढरं हाकली, आज उशीर झाला म्हणून.

वर्गाला परवानगी मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा पुन्हा आले, नातवाचा हात धरून. त्याला त्यांनी सतरंजीवर बंकटच्या शेजारी बसवलं, आणि मला बजावलं की, दोघांपैकी जो दंगा करील त्याची तक्रार थेट माझ्याकडं आणायची, दोघांचाही पालक मीच आहे.