फिल्टरच्या डब्याला पाडलेली नऊ भोकं

तासगावच्या पूर्वेला आमची एक एकर द्राक्षबाग आहे, चोवीस ओळींची. औषध मारायच्या पंपाला छोटं पेट्रोल इंजिन आहे. गेल्या हंगामात ते जोर धरेना. दोनशे लिटरची टाकी संपायला बेचाळीस मिनिटं लागू लागली. कार्बोरेटरला हवा कमी पडतेय, एवढं मला कळलं. फिल्टरचा स्पंज नुसता धुवायचा होता, ते कळलं नाही. मी स्पंज काढूनच टाकला आणि हवेच्या डब्याला नऊ भोकं पाडली. टाकी छत्तीस मिनिटांत संपली. दोनदा घड्याळ लावून खात्री केली आणि शेजारी चार जणांना सांगितलंही.

वेलींवरच्या भुरी रोगासाठी गंधक धुरळायचा पंखाही आम्ही पट्टा बदलून त्याच इंजिनावर चालवायचो. सगळी पिवळी धूळ त्या भोकांतून आत जात होती. इंजिनाचं तेल लवकर उतरायला लागलं, तेव्हा मी वरून ओतत राहिलो. मिनिटं मोजली, तेल मोजलं नाही.

बाग फुलोऱ्यात असताना दोन दिवस ढग आले, भुरभुर झाली. घड कुजवणारा डावण्या रोग पानांवर दिसला. संध्याकाळच्या आत सगळीकडे औषध बसणं भाग होतं. अकरावी ओळ संपली आणि इंजिन बंद पडलं. दोरी ओढली तर हाताला जोरच लागेना.

शेजारच्यांचे पंप त्यांच्याच बागेत चालू होते. नाही कुणी म्हणालं नाही, पण उद्या दुपारी देतो म्हणाले. इंजिन मोटारसायकलवर घालून मिस्त्रीकडे नेलं. त्यानं ते खोललं, बोटावर पिवळा चिखल घेतला.

"भोकं कुणी पाडली?"

"मीच."

"ब्येस. ह्याला आता भुरी न्हाई यायची." मग हसणं थांबवून म्हणाला, "आवं काका, रिंगा, सिलिंडर, सगळं खाल्लंय. आठ दिवस तरी लागतील."

दुसऱ्या दिवशी मागून आणलेल्या पंपानं उरलेल्या तेरा ओळी मारल्या. तोवर उशीर झाला होता. बाराव्या ओळीतल्या पहिल्या झाडावर अडतीस घड होते. आठव्या दिवशी चार उरले. दुसऱ्यावर सहा. तिसऱ्याकडे वळलो तेव्हा बायको बांधावरून म्हणाली, "आवं, मोजू नगा आता."

मी मोजत राहिलो. बागेत दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं.