एडक्क म्हटलं की उजवीकडं

मी चौथी नापास. शाळा सुटली तशी वडिलांनी हातात कासरा दिला आणि पुढं चाळीस वर्षं अक्कलकोटच्या बाजूला बैल हाकले. बैल वळले, भाऊबंद नाही वळले, तो विषय वेगळा. पण नातीचं कुत्रं मला वळवता येणार नाही असं पोटच्या पोरानं तोंडावर म्हणावं, हे मला झेपण्यासारखं नव्हतं.

कुत्रं हस्की. बर्फातली जात, निळे डोळे, तोंड लांडग्याचं. नात पुण्याला नोकरीला गेली आणि हे इकडं आमच्या घरात कूलरसमोर टाकून गेली. ओढणं हा त्याच्या खानदानाचा धंदा. एकदा सात रस्ता चौकात त्यानं सूनबाईला अशी ओढली की ती थेट पेरूच्या गाड्यावर. तिचा गुडघा फुटला, पेरू रस्ताभर, आणि कुत्रं पेरू खात बसलेलं.

मुलगा म्हणाला, "अप्पा, बास झालं. केम गावाला माझ्या दोस्ताचं शेत हाय. तितं राखणीला बांधतो ह्याला."

हे कुत्रं, उन्हाळ्यात, साखळीला! एप्रिल काही बघायचं नाही ते. नातीला फोनवर सांगितलं तर ती रडायलाच लागली. मी मुलाला म्हणालो, "एक महिना दे. मी म्हणीन तिकडं वळलं न्हाय, तर खुशाल ने."

"तुमच्यानं वळायचं न्हाय ते. पण ठरलं, तुमी म्हणाल तिकडं," तो म्हणाला, आणि हसला. ते हसणं मला लागलं.

नातीची एक स्कूटर माळ्यावर पडली होती. इंजिन नाही, पेट्रोल नाही. दोन चाकं, उभं राहायला फळी, हँडल आणि ब्रेक. कुत्र्याच्या छातीला पट्टा बांधून पुढं जुंपायचं, आपण मागं उभं राहायचं. कासरा नाहीच. डावं-उजवं सगळं तोंडानं सांगायचं. नात म्हणाली, "अज्जा, शब्द कुठलाबी चालतो, पण रोज तोच पाहिजे." आमचे बैल कानडीत शिकलेले. मी तेच घेतलं. एडक्क म्हणजे डावीकडं, बलक्क म्हणजे उजवीकडं.

बायको म्हणाली, "अहो, बहात्तर पूर्ण झाली की. पडलात तर कुत्र्याला जुंपूनच दवाखान्यात नेऊ का?"

"ने. तवर वळायला शिकलेलं असंल," मी म्हणालो.

थंडीचे दिवस होते, तरी ऊन वर यायच्या आत गावाबाहेरच्या मैदानावर जायचो. पहिले पंधरा दिवस स्कूटर नाही. दोरी धरून मी मागं चालत. "एडक्क" म्हणायचं, काठीनं हलकं टोचायचं, वळलं की कडक भाकरीचा तुकडा. वळायचं पटकन, पण भलतीकडं. म्हटलं, आधी वळायला तरी शिकू दे, कुठं वळायचं ते मागनं बघू. आणि तुकडा देत गेलो.

एक दिवस बायको चहाची किटली घेऊन आली, दगडावर बसून बघत राहिली. मग म्हणाली, "अहो, डावं म्हणता आणि उजव्या अंगाला टोचता का?"

मी हातातल्या काठीकडं बघितलं. बैलजोडी डावीकडं वळवायची तर उजव्या बैलाला टोचायचं असतं. तो बाहेरच्या अंगाचा, त्यानं पाय उचलला की गाडी फिरते. चाळीस वर्षं हाताला तीच सवय. पण हितं जोडी कुठं होती? एकट्या कुत्र्याला उजवीकडं टोचलं की ते कोण बोलवतंय बघायला उजवीकडंच वळणार की! आणि वर मी भाकरी देतोय.

"तसंच असतं ते. तुला काय कळतं?" मी बायकोला म्हणालो. ती चहा ओतत गालात हसली.

राहिलेल्या दिवसांत उलटं केलेलं सुलटं करायचा लई प्रयत्न केला. कुत्र्यानं ऐकलं नाही. माझ्यासारखंच निघालं. शेवटी मीच उलटं बोलायला शिकलो आणि फळीवर चढलो.

ठरल्या दिवशी मुलगा मफलर गुंडाळून मैदानात उभा. "घ्या डावीकडं!"

मी ओरडलो, "बलक्क!" कुत्रं झक्क डावीकडं. "एडक्क!" उजवीकडं. तिसऱ्यांदाही चुकलं नाही. मी मुलापुढं येऊन ब्रेक दाबला, छाती ही एवढी.

"अप्पा, बलक्क म्हंजे उजवं," मुलगा म्हणाला. घरात कानडी मीच शिकवलेली त्याला.

"तू सांगितलंस तिकडं गेलं का न्हाय?"

"गेलं. पण बोली काय होती? तुमी म्हणाल तिकडं. तुमी उजवं म्हणालात, ते डावीकडं गेलं. आता केमला."

पोरगं शब्दाला पक्कं, माझंच आहे. कुत्रं जीभ काढून माझ्या हाताकडं बघत होतं, तुकड्यासाठी. त्यानं तर शिकवलं तसंच केलं होतं.

"माझं चुकलं," मी म्हणालो. "बैलाचा हात कुत्र्यावर चालवला. ते बरोबर शिकलं, मी उलटं शिकवलं. त्याला नको नेऊस."

मुलानं मफलर कानावरून खाली ओढला. पन्नास वर्षांचा झाला, हे वाक्य माझ्या तोंडून त्यानं ऐकलं नव्हतं. बायकोनंही नाही.

"परत म्हणा की," तो म्हणाला.

"चल हट."

त्यानं तिथंच केमच्या दोस्ताला फोन लावला. "कुत्रं येत न्हाय रं," म्हणाला. समोरच्यानं कारण विचारलं असणार, कारण मुलगा कमरेत वाकून हसायला लागला आणि म्हणाला, "आमचा म्हातारा..." पुढचं मी ऐकलं नाही. कुत्र्याला हाक दिली आणि मैदानाला अजून एक चक्कर मारून आलो.