उंबऱ्याबाहेरचा रोट

गहू आणि हरभऱ्याची डाळ एकत्र दळल्यावर गिरणीतून जे ऊन ऊन पीठ बाहेर पडतं, त्याचा वास तुम्ही कधी घेतला आहे का? किंचित खरपूस, किंचित गोडसर, आणि पिशवीला हात लावला की तळव्याला ऊब देणारा. हा वास मला वीस हजार फुटांवर येतो. एका चिमुकल्या कॉकपिटमध्ये, जिथे एरवी कोरड्या हवेचा आणि कागदी पेल्यातल्या कॉफीचाच वास असतो, तिथे कधीकधी तो अवचित दरवळतो आणि खाली तापीचं रुपेरी वळण दिसत असलं तर फारच छळतो. मी वैमानिक आहे, छोटी विमानं चालवते. माहेर जळगावचं, सासर शिरपूरजवळच्या एका खेड्यातलं. आणि आज मी रागावलेली आहे, हे आधीच सांगून टाकते.

श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, आमच्या घरी कानबाई ही देवी बसते. खानदेशाबाहेरच्या माणसाला हे नाव सांगितलं की तो भुवया उंचावतो. खानदेशातल्या माणसाला ते उच्चारताच गाव आठवतं. सुरतेला, पुण्याला, कुठे कुठे पोटामागे गेलेली माणसं त्या एका रात्रीसाठी परततात. रोटांचं, म्हणजे देवीच्या प्रसादाच्या जाड पोळ्यांचं, धान्य घेण्याची आमच्या घरची रीत अशी, की घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. माझ्या सासूबाई, ज्यांना सगळं गाव अक्का म्हणतं, सुपासमोर बसून एकेक नाव घेतात आणि मूठ टाकतात. माझे पती आखातात नोकरीला आहेत. वर्षातून दोनदा येतात. पण त्यांची मूठ कधी चुकलेली नाही. ‘दूर शे, पन घरना शे,’ असं म्हणत अक्का ती जरा सढळच भरतात. रोट घरच्यांनीच खायचा, उंबऱ्याबाहेर न्यायचा नाही, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचा. चाळीस वर्षांत अक्कांनी यातला एकही नियम मोडलेला नव्हता.

आता माझ्या दुसऱ्या पंचांगाकडे या. त्याला रोस्टर म्हणतात. महिनाअखेरीस ते मोबाइलवर उगवतं आणि पुढचा सगळा महिना कुठे उठायचं, कुठे झोपायचं, कोणत्या दिवशी गणवेश घालून नुसतं फोनची वाट पाहत बसायचं, ते ठरवून टाकतं. त्यात तिथी नाही, वार नाही, मुलीचा ताप नाही. बरं, ते तरी स्थिर असावं! संध्याकाळी पाहिलेली सुट्टी सकाळी गायब झालेली मी कितीदा अनुभवली आहे. विश्रांतीचे तास मात्र काटेकोर मिळतात, कारण थकलेला वैमानिक धोक्याचा असतो. पण सहा वर्षांच्या लेकीला तीन आठवडे न भेटलेली आई धोक्याची असते की नाही, हे कोणत्या नियमावलीत लिहिलेलं आहे?

यंदा मी वैशाखातच रजेचा अर्ज केला होता. संगणकावरच्या त्या अर्जात कारणांची एक यादी असते, तिच्यातून एक निवडायचं. दिवाळी होती, ईद होती, नाताळ होता, विवाह होता, आजारपण होतं. कानबाई नव्हती. मी ‘इतर’ निवडलं. ज्या रात्री आमचा उभा खानदेश जागतो, ती ‘इतर’! आणि इतर कारणांना गर्दीच्या दिवसांत रजा मिळत नाही, असं नम्र उत्तर आलं. तेवढं नम्र नसतं तर कदाचित मला इतका संताप आला नसता.

माझी मुलगी ईशी अक्कांजवळ राहते. याबद्दल मला जे ऐकावं लागतं ते ऐकवण्याची हौस नाही, तरी थोडं सांगते. लग्नाकार्यात बायका जवळ बसतात, पाठीवरून हात फिरवतात आणि विचारतात, पोरीला सोडून जीव कसा लागतो गं वर? धुळ्याच्या एका आतेसासूबाईंनी तर, विमान काय, ड्रायव्हर ठेवून पण चालतं, असं सुचवलं होतं. माझ्या पतींना हा प्रश्न एकदाही कुणी विचारलेला नाही. ते कमावतात, मी उडते. ते लांब असतात तेव्हा घरासाठी लांब असतात, आणि मी लांब असते तेव्हा घरापासून! क्रियापदं बदलायला या लोकांना किती सोपं जातं.

त्या रविवारी मी एका परक्या शहरातल्या हॉटेलच्या खोलीत होते. दुपारी फोन केला तेव्हा अक्का धान्य घेत होत्या. एकेक नाव ऐकू येत होतं. नवऱ्याचं आलं, दिरांचं आलं, दिरांच्या तान्ह्याचंही आलं. मला काय झालं कोण जाणे, मी विचारून बसले की अक्का, मी पण दूरच आहे, माझी मूठ कोण घालणार? पलीकडे धान्याची सळसळ थांबली. मग त्या म्हणाल्या, “मूठ भरनारीनी मूठ कोन मोजस, बाई?”

त्यांच्या स्वरात टोमणा नव्हता, तक्रारही नव्हती. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या नावाने मुठी भरणाऱ्या त्या बाईला स्वतःची मूठ असू शकते हेच कधी सुचलं नव्हतं. माझा राग त्यांच्यावर निघायला सज्ज झालेला होता, तो जागीच अडखळला आणि अधिक मोठा झाला. ईशीने फोन घेतला आणि सांगितलं की माझ्या वाटचा रोट ती झाकून ठेवणार आहे, पौर्णिमेच्या आत ये. मी येते म्हटलं. आयांनी अशी वचनं देऊ नयेत, पण कोणती आई देत नाही?

पौर्णिमेपर्यंत एकही सुट्टी निघाली नाही. आणि मग थट्टा पाहा, पौर्णिमेच्याच दिवशी रोस्टरवर आलं जळगाव! माझं माहेर, माझी माती. आणि तिथे मुक्काम अर्धा तास. उतरायचं, प्रवासी बदलायचे, निघायचं. मी अक्कांना सहज म्हणून कळवलं, जीव हलका करायला. त्यांनी फक्त वेळ विचारून घेतली.

त्या दिवशी आधीच्या शहरातच आम्हाला उशीर झाला. केळीच्या बागांवरून उतरताना मला प्रत्येक हिरवा चौकोन ओळखीचा वाटत होता. विमान थांबलं, आणि आमच्या कंपनीच्या तिथल्या माणसाने वर येऊन हळूच सांगितलं की बाहेर एक आजी आणि एक मुलगी आल्यात, त्यांच्याजवळ एक डबा आहे. शिरपूरहून चोपड्यामार्गे, राखीच्या गर्दीत, एसटीने! मी म्हटलं, मला पाच मिनिटं दारापर्यंत जाऊ द्या. तो भला माणूस होता. त्याने मुख्यालयाला विचारलं. उत्तर आलं की उड्डाण आधीच उशिरात आहे, वैमानिकाने विमान सोडू नये.

विमानाभोवती फेरी मारून तपासणी करायची असते, ती सहवैमानिकाऐवजी मीच करायला उतरले. दूर जाळीपलीकडे दोन आकृत्या होत्या, एक नऊवारीतली, एक पिवळ्या फ्रॉकमधली. ईशी हात हलवत होती, पण माझ्याकडे नाही. सामान चढवणाऱ्या माणसाकडे. मी डोक्यावरची टोपी काढली, वेणी पुढे घेतली. तेव्हा तिने ओळखलं आणि दोन्ही हातांनी डबा डोक्यावर उंच धरला. मी चाकं तपासली, पंख तपासले, वर जाऊन बसले. रागावलेल्या हातांनी विमान उडवता येत नाही, म्हणून राग तिथेच खाली ठेवावा लागला. माझ्या मागच्या प्रवाशांतही कुणी भावाला राखी बांधायला निघालेली होतीच, तिच्याशी माझं भांडण नव्हतं. आम्ही वेळ भरून काढली, म्हणून कंपनीचा कौतुकाचा संदेशही आला.

संध्याकाळी पुढच्या शहरातून मी फोन केला. त्या दोघी नुकत्याच घरी पोचल्या होत्या. पौर्णिमेचा चंद्र निघायच्या आत, बसस्थानकावरच्या बाकावर बसून, अर्धा रोट ईशीने आणि अर्धा अक्कांनी खाल्ला होता. मी क्षमा मागितली. मला वाटलं त्या समजूत घालतील. त्या म्हणाल्या, “मी रोट उंबराना बाहेर काढा. तुन्ही कंपनीनी पाच मिनिट दिधात नही.”

यापेक्षा अधिक नेमकं मला आजवर कुणी काही सांगितलेलं नाही. एका अशिक्षित म्हणवल्या जाणाऱ्या म्हातारीने आपल्या देवीचा नियम एका पोरीसाठी वाकवला, आणि जी माणसं स्वतःला आधुनिक म्हणवतात त्यांना पाच मिनिटं वाकवता आली नाहीत. मग सांगा, रूढी नक्की कुठे राहते? आमच्या खेड्यातल्या देव्हाऱ्यात, की त्या वातानुकूलित मुख्यालयात?

भाद्रपदात घरी गेले तेव्हा तो डबा फळीवर पालथा होता. घासून लख्ख केलेला, तरी झाकणाच्या कडेत पिठाचा तो वास अडकून राहिला होता. मी तो मागून घेतला. आता तो माझ्या उड्डाणाच्या पिशवीत असतो, म्हणून तो वास मला वीस हजार फुटांवर येतो. रोज सुरक्षा तपासणीत विचारतात, यात काय आहे? मी झाकण उघडून दाखवते. ते आत वाकून पाहतात, रिकामा आहे म्हणतात, आणि मला पुढे जाऊ देतात.